घर धुणारा माणूस

वारूळवाडीच्या वॉशिंग सेंटरवर मी बाईक घेऊन थांबलो होतो. पुढे बसएवढी मोटरहोम लागलेली, आत पलंग, शेगडी, बेसिन, सगळा संसार. ती धुणारा साठीचा असेल. शिडीवर चढून त्यानं आधी टप धुतला, मग बाजू. भर उन्हात पाण्याचे डाग पडतात, म्हणून हातभर धुवायचं की लगेच फडक्यानं कोरडं करायचं. दर वेळी फडकं झटकून बघायचा, खडा अडकला असला तर रंगावर चरा पडेल.

गाडीवाले आत एसीत थंड पाणी पीत होते. मालकानं काच खाली करून बोटानं एक डाग दाखवला आणि काच वर केली. माझं डोकं सणकलं.

"काय माणसं आहेत ही," मी म्हणालो.

तो फडकं पिळत म्हणाला, "भाऊ, कुणाच्या घरी गेलं की आधी पाणी इचारत्यात. मी सकाळपासून आख्खं घर धुतोय, कुणी इचारलं न्हाई."

पाइपातलं बोरचं पाणी खारट, पिण्याजोगं नव्हतं. मालकाला चांगलं सुनावायला मी तरातरा निघालो. काचेवर टकटक करायला हात उचलला, तर हातात माझीच पाण्याची बाटली होती. तासभर मी एकटाच पीत होतो.