तुलिया रेतामोसो आणि फ्रिजमधलं पाणी

तुलिया रेतामोसो आमच्या धक्क्यावर मासे तळायची. माग्दालेना नदीवरून बोटीने प्वेर्तो इकाकोला येणारा माणूस आधी तिच्या खानावळीत टेकायचा, मग गावात शिरायचा. तळलेला मासा, उकडलेला युकाचा कंद, नारळाचा भात आणि गुळाचं लिंबूपाणी, एवढंच तिच्याकडे मिळायचं. पण ते तसं दुसरीकडे कुठे मिळत नसे.

आमच्याकडच्या उन्हात सकाळचा मासा दुपारी वास मारायला लागतो, त्यामुळे फ्रिजवर तिचा सगळा धंदा. आणि एका वर्षी नेमका तोच गळायला लागला. बाहेर नव्हे, आत. रोज सकाळी भाजीच्या खणाखाली बोटभर पाणी, कोथिंबीर कुजलेली, चीजचा डबा तरंगतोय.

नदीपलीकडून उबाल्दो मेकॅनिकला बोलावलं. पहिल्या खेपेला त्याने दाराचं रबर बदललं, दुसऱ्या खेपेला थर्मोस्टॅट. पाणी होतं तसंच. तिसऱ्या खेपेला त्याने आधी दोन मासे खाल्ले, मग फ्रिजवर थाप मारून, नावाआधी मानाचं 'दोन्या' लावत म्हणाला, "कॉम्प्रेसर गेला, दोन्या तुलिया. नवा घ्या."

"कॉम्प्रेसर गेला असता तर मासा एवढा गार कसा राहिला असता?"

"ते तुम्हाला नाही कळायचं. तुम्ही आपले मासे तळा."

मी शेजारच्याच टेबलावर जेवत होते. मी इथल्या आरोग्य केंद्रातली नर्स, नुबिया. तुलिया काहीतरी जोरात बोलेल असं मला वाटलं होतं. पण तिने नुसती त्याची ताटली उचलली आणि आत निघून गेली.

रविवारी ती माझ्या दारात हजर. "नुबिया, सुईशिवायची मोठी सिरिंज दे."

"कोणाला काय झालंय?"

"फ्रिजला."

मी सिरिंज घेऊन तिच्याबरोबरच गेले. तिने खानावळ बंद ठेवली होती, मासे बर्फाच्या पेटीत हलवले होते, फ्रिजचा प्लग काढून ठेवला होता. वरच्या कप्प्याच्या आतलं मागचं झाकण सुटं करून खुर्चीला टेकवलेलं. त्रेचाळीस वर्षांची बाई, हातात स्क्रूड्रायव्हर, डोकं फ्रिजमध्ये.

"पाणी काही आभाळातून पडत नाही," ती आतूनच म्हणाली. "इथे बर्फ धरतो. फ्रिज तो अधूनमधून आपला आपणच वितळवतो, ही बघ त्याची तापणारी सळई. मग त्या पाण्याला बाहेर जायला वाट नको? ही बघ वाट."

तळाशी करंगळीएवढं भोक होतं आणि त्यात बर्फाचं बूच बसलेलं. तिने सिरिंजने गरम पाणी सोडलं. एकदा, दोनदा, दहा वेळा. मग आत काहीतरी सुटलं आणि मागे, खालच्या तबकात, पाणी टपटप पडायला लागलं. तुलिया त्या आवाजावर अशी हसली, जणू कोणी तिला नाचायला बोलावलंय.

पंधरा दिवसांनी भोक पुन्हा गोठलं. तिने हार मानली नाही. तुटक्या वायरमधली तांब्याची जाड तार सोलून तिचं एक टोक सळईला गुंडाळलं, दुसरं भोकात सोडलं. सळई तापली की तार तापणार, तार तापली की बूच वितळणार. त्यानंतर त्या फ्रिजने आत पाणी म्हणून सोडलं नाही.

गावात बातमी पसरायला बोटीची गरज लागत नाही. महिन्याभरात शेजारच्या पेद्राळ गावातल्या वाण्यापासून आमच्या पाद्रीबाबांपर्यंत सगळ्यांचे फ्रिज तुलियाने उघडले. कुणाच्या भोकात कांद्याची सालं, कुणाच्या भोकात मुलाने कोंबलेलं खडूचं टोक. उबाल्दो धक्क्यावर तिला टोमणे मारायचा, "काय डॉक्टरीणबाई, आज कुणाचं ऑपरेशन?" ती म्हणायची, "ज्याला तू मेला म्हणून सांगितलंस, त्याचंच."

दोन वर्षांनी तिच्याकडे धावत जायची पाळी माझ्यावर आली. केंद्रातला लसींचा फ्रिज आतून गळायला लागला. खोकी ओली, बाटल्यांवरची लेबलं सुटायला आलेली. शनिवारी लसीकरण होतं. नदीच्या वरच्या अंगाच्या गावांतून आया होड्यांनी लेकरं घेऊन येणार होत्या. सोमवारी शहरातून फाबियो नावाचा तंत्रज्ञ आला. तरुण, नीटनेटका, घाईतला. त्याने पाहिलं, परतीच्या बोटीची वेळ पाहिली, कागदावर 'निकामी' असं लिहिलं आणि म्हणाला, "नवा येईल. तीन महिने धरून चला."

मी लसी थंड पेट्यांत भरल्या. बर्फाच्या पिशव्या तुलियाच्या फ्रिजमधून सकाळ-संध्याकाळ आणत होते. मंगळवारी तीच पिशव्यांबरोबर आली, हातात स्क्रूड्रायव्हर.

"तुलिया, हा सरकारी आहे गं. उद्या काही झालं तर माझी नोकरी जाईल."

"कागदावर निकामी लिहिलंय ना? मग निकाम्या वस्तूला मी आणखी काय बिघडवणार?"

मी बाजूला झाले. तिने फ्रिज उघडला, भोक साफ केलं, तार बसवली, हात पुसले. "झालं. उद्या कोरडा ठणठणीत."

बुधवारी सकाळी आत पुन्हा पाणी.

मी रडकुंडीला आले होते. ती मात्र पायरीवर बसून माझी कॉफी पीत राहिली. "चुकलं माझं," ती सरळ म्हणाली. "माझ्या फ्रिजचं दुखणं मी ह्याच्यावर लादलं. हा काय म्हणतोय ते मी विचारलंच नाही." मग कप खाली ठेवून, "हा आधीपासून इथेच उभा आहे?"

"नाही. मागच्या महिन्यात भिंती रंगवल्या तेव्हा तिकडून इकडे सरकवला."

"आणि गळायला कधी लागला?"

"त्यानंतरच," मी म्हणाले.

तिने एक ताटली पाण्याने भरून वरच्या कप्प्यात ठेवली. पाणी पुढच्या कडेला येऊन सांडलं. मग तिने मगभर पाणी फ्रिजशेजारी फरशीवर ओतलं. ते धावत दाराकडे गेलं. फरशी धुतलेलं पाणी बाहेर जावं म्हणून ती बाजू बांधतानाच उताराची केलेली होती. फ्रिज नाक खाली करून उभा होता. वितळलेलं पाणी मागच्या भोकाकडे जायचं सोडून पुढे येत होतं आणि खालच्या कप्प्यात टपकत होतं.

"बिचारा," तुलिया म्हणाली. "डोंगरावरून उतरल्यासारखा उभा केलात, वर आजारी म्हणता."

पुढचे पाय तिने फिरवून उंच केले, तरी कमी पडले, म्हणून जाड फळीचे दोन तुकडे खाली सरकवले. ताटलीतलं पाणी किंचित मागे झुकलं तेव्हा थांबली. गुरुवारी आत कोरडं. शुक्रवारी कोरडं, थर्मामीटरचा काटाही जागच्या जागी. मी लसी परत ठेवल्या.

शनिवारी एकशे बारा लेकरांनी केंद्र डोक्यावर घेतलं. फाबियोही शहरातल्या लसीकरण पथकाबरोबर आला होता. चालू फ्रिज पाहून तो आधी माझ्यावर रागावला, मग गुडघ्यांवर बसला आणि फळ्यांकडे बराच वेळ बघत राहिला.

"हे कोणी केलं?"

"मी," तुलिया म्हणाली. ती रांगेतल्या आयांना लिंबूपाणी वाटत होती. "रागवायचं असेल तर मला रागवा, तिला नको."

फाबियो उठला. त्याचे कान लाल झाले होते. "मी फ्रिज पाहिला, जमीन पाहिलीच नाही," तो म्हणाला. "दोन्या, नदीकाठी अशी अकरा केंद्रं आहेत. मी एकटा, आणि प्रत्येक ठिकाणी बोटीची घाई. तुम्ही तिथे जाल? रीतसर, पगारावर?"

मला वाटलं ती विचार करायला वेळ मागेल.

"जाईन," ती म्हणाली. "पण मी दिवसभर थांबणार. फ्रिजसमोर घाई करून चालत नाही."

याला आता सहा वर्षं झाली. अकरापैकी चार केंद्रांत तिथल्याच बायकांना तिने काम शिकवलंय. त्या आता तिला बोलावतही नाहीत आणि याचा तिला फार अभिमान आहे. उबाल्दो अजून टोमणे मारतो, पण मागच्या पावसाळ्यात त्याने एका अडलेल्या फ्रिजसाठी तिला निरोप पाठवला, आणि ती गेली. गुरुवारी खानावळ बंद असते. बोटीतून उतरलेली भुकेली माणसं कुलपाकडे बघून करवादतात, "ही बाई गेली तरी कुठे?" धक्क्यावरचं कोणीतरी नदीच्या वरच्या अंगाच्या केंद्रांकडे बोट दाखवतं.