आपले बांधव

पिंपळनेरकडचा हा गायक दरवर्षी धुळ्याच्या आमच्या महोत्सवाला कडक इस्त्रीचा सफारी घालून यायचा आणि आम्ही दरवर्षी त्याच्या डोक्यात मोरपिसं खोचायचो. तो मान पुढे करून खोचून घ्यायचा. गाणी स्वतःच रचायचा. काशाच्या थाळीत मेणाने काडी उभी करून तिच्यावरून बोटं ओढायचा, की थाळी घुमू लागायची.

एकदा आमच्या उत्साही कार्यकर्त्यांनी मेण खरवडून तीच थाळी पाहुण्यांना ओवाळायला नेली. थाळी परत आल्यावर त्याने खिशातून मेणाचा दुसरा गोळा काढला. "धुयाले येतांना मी दोन आनस," म्हणाला.

निवेदन माझ्याकडे असायचं. दहा मिनिटं आदिवासी संस्कृतीवर बोलून मी शेवटी म्हणायचो, "आता गातील आपले आदिवासी बांधव!" नाव कधी विचारलंच नाही, 'बांधव' म्हटलं की टाळ्या पडायच्याच.

त्या वर्षी माईकपाशी येऊन तो स्वच्छ मराठीत म्हणाला, "आत्ता बोलले ते आपले धुळेकर बांधव. दरवर्षी बोलतात. नाव काही मी विचारलं नाही."

टाळ्या पडल्या. पहिली माझीच होती.