गटारीत ओतलेल्या गोळ्या

मी कुणाचाबी आवाज काढतो. बेळगावच्या सांध्याच्या डॉक्टरचा तर आत्तीला दाखवाय नेलं त्या पहिल्या भेटीतच उचललता. "नोड्रि आक्का, हे बघा, टीबीचे जंतू तुमच्या अंगात झोपल्यात. ह्या इंजेक्शननं सांधे सुटतील, पण अंगाची ताकद कमी होईल, जंतू उठतील. म्हणून आधी टीबीच्या गोळ्या. मधी सोडायच्या न्हाईत." आत्ती हसून हसून बेजार. तिची बोटं तवा कोंबडीच्या पायागत वाकडी.

गोळ्या सुरू झाल्या, मग इंजेक्शनं. बोटं सुटली. आत्ती आपली वेणी आपण घालाय लागली. मामा, म्हंजे तिचा नवरा, निपाणीभर सांगत सुटलं, "लई भारी इंजेक्शन देतोय मी बायकोला."

गोळ्यांचं कुणाला सांगितलं न्हाय. एकदा मेडिकलवाल्यानं चार गिऱ्हाइकांसमोर विचारलं, "घरात टीबी कुणाला ओ?" मामांनी घरी येऊन सगळ्या गोळ्या गटारीत ओतल्या.

"पोराचं लगीन करायचं हाय. टीबीच्या घरात पोरगी कोण देणार? तू खोकतीस काय? मग कशाला गोळ्या?"

इंजेक्शन मातर चालू. ते सांध्याचं, त्यात कसली लाज.

काही महिन्यांनी आत्ती खोकाय लागली. "तंबाखूच्या गावात कोण खोकत न्हाय," म्हणून मामांनी खडीसाखर दिली. ताप हटंना, अंगावरचं मांस गेलं, थुंकीत रक्त दिसलं, तवा बेळगाव.

एक्सरे बघून डॉक्टर म्हणालं, "गोळ्या का सोडल्या?"

"विसरली ती. बायकांचं डोकं."

डॉक्टरनी इंजेक्शन थांबवलं. आधी टीबी, सांध्याचं नंतर बघू म्हणालं.

गल्लीत गाडीतनं उतरलो तर शेजारणी दारात. काय म्हणालं डॉक्टर?

"न्यूमोनिया," मामा म्हणालं.

आत्तीला बोलाय दम न्हवता. तिनं मला कोपर मारलं. "सांग रं. ह्येंच्याच आवाजात सांग."

मी मामांच्या आवाजात सांगितलं, गटारीपासनं खडीसाखरेपर्यंत. लई हुबेहूब जमलं. एक शेजारीण फिसकन हसली, मग पदर नाकाला लावून मागं सरली.

तवापासनं घरात कुणी येत न्हाय. आत्तीची बोटं परत वळल्यात. मामांनी तिचं ताट वेगळं केलंय, ते लांबनंच सरकवत्यात आणि म्हणत्यात, "बघितलंस? नुसतं टीबीचं नाव निघालं तर काय झालं. म्हणून टाकलत्या मी गोळ्या."