पट्टीने मारलेल्या रेघा

माझ्या धाकट्या भावाला आम्ही घरात तोळामासा म्हणतो. एक तर अंगाने काडी, आणि दुसरं म्हणजे जड असं काही त्याला खपतच नाही. प्रवासाला निघाला तर टॉवेलसुद्धा अर्धा कापून नेईल! याच हट्टापायी त्याने सहा मित्रांना जमवून जुन्या, टाकाऊ कॉम्प्युटरवर चालेल अशी हलकी ऑपरेटिंग सिस्टिम तयार केली. अकरा वर्षं झाली. कमाई शून्य, वर पदरमोड. पण भंगारात जाणारी यंत्रं तिच्यामुळे पुन्हा कामाला लागतात. मला त्याचा अभिमान आहे, खोटं कशाला बोलू?

माझं काम अर्ज टाइप करून देण्याचं. कचेरीसमोर एक खोली, दोन खुर्च्या, प्रिंटर आणि तोळामाशाने उभा करून दिलेला कॉम्प्युटर.

त्या दिवशी हा दुपारी चारलाच घड्याळ घेऊन हजर. नव्या आवृत्तीत पत्रं-तक्ते करायला मुळातच कुठला प्रोग्रॅम घालून द्यायचा, हे त्या सातजणांना संध्याकाळी फोनवर ठरवायचं होतं. आत्ताचा छोटा, की सगळं येणारा मोठा? तीनजण छोट्याच्या बाजूने, तीन मोठ्याच्या. सातवा हा. आणि छोटा यानेच निवडलेला, तळहातावरच्या फोडासारखा जपलेला.

त्याने माझ्याच यंत्रावर छोट्याच्या जोडीला मोठाही घातला आणि घड्याळ लावलं. छोटा चार सेकंदांत उघडला, मोठ्याला अठ्ठेचाळीस लागले.

"बघ ताई! एवढ्यात माणूस चहा पिऊन येईल."

"येऊ दे की. मी सकाळी एकदाच उघडते, तेवढ्यात केर काढून होतो."

पण ऐकतोय कोण? स्वारी वहीत आकडे लिहीत होती.

इतक्यात एक बाई धापा टाकत आल्या. मुलीच्या वसतिगृहाचा अर्ज मी कालच करून दिला होता, तो परत आला होता. आज शेवटचा दिवस, खिडकी पाचला बंद होणार.

"आता हाताने मारलेल्या रेघा चालत नाहीत म्हणतात हो," त्या रडवेल्या झाल्या.

आली पंचाईत. भाऊ शेजारीच होता ना! मी गुपचूप कचेरीचा नमुना सवयीने छोट्यात उघडला. नेहमीसारखे रकाने एकमेकांवर चढलेले, रेघा गायब, फोटोची चौकट दुसऱ्या पानावर. हात आपोआप खणातल्या पट्टीकडे गेला.

"ताई, पट्टी कशाला?"

"रेघा मारायला."

"रोज मारतेस?"

"छे! रविवारी सुट्टी असते."

तो हसला नाही. खण ओढून त्याने पाहिलं. आत तीन संपलेली पेनं, आणि रेघ वाकडी गेली म्हणून बाद केलेल्या कागदांचा गठ्ठा.

"किती दिवस चाललंय हे?"

"तीन वर्षं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस कधी? फोन आला की एकच प्रश्न, किती सेकंदांत उघडलं? मी म्हणायची, चार. तुला इतका आनंद व्हायचा, माझी जीभच रेटायची नाही रे."

त्याने आकड्यांची वही मिटली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग त्यानेच तो नमुना मोठ्यात उघडला. अठ्ठेचाळीस सेकंद आम्ही तिघंही पडद्याकडे बघत होतो. रकाने जागच्या जागी आले, चौकट जिथल्या तिथे. मी भराभर भरलं, कागद निघाला, बाई पळाल्या. पावणेपाचला दारातून ओरडून गेल्या, "घेतला हो घेतला!"

संध्याकाळी माझ्यासमोरच त्याने फोन लावला. "माझं मत मोठ्याला," म्हणाला. पलीकडे गलका उठला. एकाने विचारलं, अरे, अकरा वर्षं भांडलास त्याचं काय?

"माझी बहीण तीन वर्षं पट्टीने रेघा मारतेय," तो म्हणाला. चार विरुद्ध तीन, मोठा ठरला. मी उगाचच प्रिंटर पुसत राहिले, डोळ्यांतलं पाणी दिसू नये म्हणून.

जाताना पट्टी मात्र पिशवीत टाकून घेऊन गेला. त्याच्या कामाच्या टेबलावर ठेवली आहे. लाकडी, फूटभर, चांगली जड. दोनदा मागितली मी, देत नाही.