भज्याच्या तेलावरची जीप

आमच्या व्याह्यांएवढा दुसऱ्याच्या कढईत जीव गुंतलेला माणूस अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात सापडायचा नाही, हे मी छाती ठोकून सांगतो. लग्नात लोक नवरा-नवरीकडं बघतात, हे आचाऱ्याकडं बघतात. शेवटची पंगत उठली, चुलवणातला जाळ ओढला, की दोन कॅन घेऊन हजर. बरं, दुसऱ्याचं लग्न सोडा, स्वतःच्या लेकीच्या लग्नातसुद्धा तेच. म्हणजे माझ्याच पोराच्या लग्नात. मुलाचा बाप म्हणून मी मानाच्या फेट्यासाठी उभा, आणि फेटा बांधणारा मुलीचा बाप जागेवर नाही! शोधलं तर गडी बुंदीच्या कढईपाशी उकिडवा बसलेला. "पाव्हणं, जरा दम धरा, निवतंय," म्हणाले. तेल निवेपर्यंत मी चार माणसांत बोडक्या डोक्यानं उभा राहिलो. पुढं महिन्याभरानं त्याच तेलावर जीप घेऊन लेकीला न्यायला आले, तर गल्लीतली कुत्री वेशीपर्यंत मागं पळाली.

जीप भज्यांच्या तेलावर चालते हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी म्हणालो, हा माणूस एक तर खोटं बोलतोय नाही तर मला येडा समजतोय. एकदा ते आत जेवायला बसलेले असताना मी बाहेर येऊन टाकीचं झाकण उघडलं, बोट बुडवलं, वास घेतला. मिरचीभजी! शंकाच नाही. मागं वळलो तर व्याही दारात उभे. "चाखून बी बघा की," म्हणाले. मला राग आला, पण त्याहून जास्त नवल वाटलं. मग त्यांच्या भूमकडच्या घरी गेलो की मी काही ना काही निमित्त काढून मागच्या पडवीत जायचो. तिथं कॅनांची रांग. जुन्या धोतराच्या चौपदरी फडक्यातून तेल गाळायचं, पंधरा-पंधरा दिवस निवळू द्यायचं, तळाचा गाळ सोडून वरचं घ्यायचं. त्यात पाणी राहिलंय का बघायला तापल्या तव्यावर थेंब टाकायचा. चडचडलं की तेल नापास. विहीणबाईंचा भाकरीचा तवा या परीक्षेत गेला तो कायमचाच. "तुमच्या व्याह्याला सांगा, मला दुसरा तवा आना," असं त्या मला ऐकवायच्या, जसं काही ते थेंब मीच टाकत होतो.

मी विचारलं, "पण इंजन हे पितंच कसं?" व्याह्यांचं उभं आयुष्य शेतावरची पाण्याची इंजनं उघडण्यात गेलेलं. म्हणाले, "त्याला पातळ पायजे, गरम पायजे, सोच्छ पायजे. आपल्यावानी रोज नवी भाजी मागत न्हाय ते." मग दोन टाक्या, एक डिझेलची नि एक तेलाची, दोन नळ्या, मधे फिरवायचा एक कॉक, असं बरंच काही बोट दाखवून सांगितलं. मी मान हलवली. कळलं निम्मंच, पण व्याह्याला दुसऱ्यांदा कसं विचारायचं?

हे सगळं गोड मानून घेतलं, पण त्यांची एक सवय माझ्या घशाखाली उतरत नव्हती. माझ्या दारात यायचे, आणि गाडी घरघरत ठेवून पाच-पाच मिनिटं आतच बसायचे. मी मुलाचा बाप. मी बाहेर येऊन हात जोडल्याशिवाय खाली पाय ठेवायचा नाही, असा हा तोरा कुणाचा? मीही मग मुद्दाम ओसरीतनं हलायचो नाही. ते गाडीत, मी ओसरीत. सूनबाई पाण्याचा तांब्या घेऊन मधे उभी.

गेल्या पौषात जीपच्या कागदांची मुदत संपत आली. धाराशिवला आरटीओचा साहेब तपासणार. पास झाली तर रस्त्यावर, नाही तर भंगारात. व्याह्यांना ऐन शेवटच्या दिवसाची तारीख मिळालेली. आदल्या संध्याकाळी मुक्कामाला आमच्याकडं तेरला आले. तोंड उतरलेलं. आणि तरीही दारात घरघर करत बसले! माझं डोकं फिरलं. शेजारीपाजारी बघत होते. मी ओरडलो, "पाव्हणं, म्या पायघड्या घालू का? का तुमी गाडीतच मुक्काम करनार?" त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं, किल्ली फिरवली आणि मुकाट खाली उतरले. मला वाटलं, जिंकलो.

सकाळी गाडी हूं की चूं करेना. थंडी अशी की बोटं वाकत नव्हती. व्याही बॉनेटमध्ये डोकं घालून. मी म्हणालो, "तेल खराब असंल." तशी सूनबाई पुढं आली. कधी उलट न बोलणारी पोरगी. "मामा, तेल खराब न्हाय. अण्णा गाडी बंद करायच्या आधी पाच मिनिटं डिझेलवर चालवत्यात. नळीतलं तेल जळून जावं म्हणून. न्हाईतर पामतेल थंडीत डालड्यावानी थिजतं. काल तुमी चालवू दिली न्हाय."

मी व्याह्यांकडं वळलो. "एवढी वर्षं सांगितलं का न्हाय?"

"सांगितलं होतं. तुमी मान हलवली होती."

मी परसात गेलो आणि अंघोळीच्या बंबातलं कढत पाणी बादलीनं आणायला लागलो. सून म्हणाली, मी आणते. म्हटलं, सर बाजूला. नळ्यांना पोती गुंडाळली, वर पाणी ओतलं, बंब तीनदा भरला. चौथ्या बादलीला जीप खोकली, पांढरा धूर ओकली आणि लागली. मी न विचारता शेजारी जाऊन बसलो. एकदाही बसलो नव्हतो त्या गाडीत.

वेळेत पोचलो. साहेबानं दिवे बघितले, ब्रेक बघितले, धूर बघितला. धूर स्वच्छ निघाला तसे व्याही माझ्याकडं बघून हसले. मग साहेब वाकला आणि खालनं चेसीवर, गाडीच्या सांगाड्यावर, हातोडी मारली. गंजाची खपली पडली, भाकरीएवढी. दुसरी मारली, हातोडी आत गेली. "काका, इंजन लई भारी ठेवलंय," साहेब म्हणाला, "पण ही आता पास व्हायची न्हाय." व्याह्यांनी खपली उचलून हातात धरली. तिच्याकडं बघतच राहिले.

परत निघालो. तेरकडं वळायचं तिथं ते वळले नाहीत. येरमाळ्याचा घाट गेला, भूम आलं, त्यांच्या घराचा रस्ताही मागं पडला. दुपारचं ऊन समोरच्या काचेवर होतं, दोन्ही बाजूला ज्वारी उभी होती. परंड्याचा किल्ला लांबून दिसायला लागला तेव्हा मी विचारलं, "पाव्हणं, कुठं निघालो आपुन?"

"कुटंच न्हाय. कागद आज सांजपर्यंत चालू हाय."

मी काच खाली केली, कोपर बाहेर काढलं. "मंग जरा हळू घ्या," म्हणालो.