आईच्या देवांसाठी निळी फुलं

बाबा गेल्यावर आईला नागपूरहून नॉटिंगहॅमला आणलं. सहा महिने तरी तिने राहावं, म्हणून माझा जीव टांगणीला लागलेला. पण तिसऱ्याच आठवड्यात तिची भुणभुण सुरू झाली, "माझं तिकीट अलीकडचं करून दे गं. इथे देवाला वाहायला एक फूल नाही."

नागपूरला अंगणातली गोकर्णाची निळी फुलं ती रोज वाहायची. मी हट्टाला पेटले. आमच्या मागच्या बागेत ऊन म्हणून येत नाही, गारठा मात्र मरणाचा. गोकर्णाचं बी दोनदा कुजलं. गार्डन सेंटरमध्ये गेले, तर ब्लूबेल्सचा हंगाम संपलेला. हायड्रेंजिया निळा हवा तर माती आंबट लागते म्हणे. कोण बसतंय वाट बघत! तेवढ्यात गर्द निळे, उंच तुरे दिसले. पाटीवर लिहिलं होतं, सावली चालेल, थंडी चालेल. खाली बारीक अक्षरात अजून काहीतरी होतं. मी मेली घाईची! तीन कुंड्या उचलल्या आणि गाडीत टाकल्या.

आई हरखली. आठवडाभर तिकिटाचं नाव नाही.

शनिवारी सकाळी मी पाणी घालत होते. कुंपणापलीकडून शेजारच्या आजी ओरडल्या, "अगं, ग्लोव्हज घाल! विषारी आहे ते."

"आम्ही कुठे खाणार आहोत?" मी हसत म्हणाले, आणि एकदम आठवलं. तीर्थ! घरात तुळस नव्हती, म्हणून तीर्थाच्या पाण्यात आई त्यातलंच एक फूल टाकायची.

धावत आत गेले. आईची पळी माझ्या लेकीच्या ओंजळीवर होती. मी हात मारला, पाणी कार्पेटवर सांडलं.

"वेड लागलं का तुला?"

"तू घेतलंस?"

"कधीचंच. आजच पहिल्यांदा जीभ जरा बधिरली."

हॉस्पिटलात तिच्या छातीला वायरी लावल्या. मॉनिटरवरची रेघ बघवत नव्हती आणि नजर हटवताही येत नव्हती. मी नुसती येरझाऱ्या घालत होते. आपल्या हाताने आईला विष पाजलं, दुसरं काही सुचतच नव्हतं. संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, धोका टळला, घरी न्या.

गाडीत मला रडू आवरेना. "तुझं तिकीट उद्याच बदलते गं."

"काही नको," आई म्हणाली. "तुला एकटीला फुलं आणायला सोडायची सोय नाही. उद्या दुकानात मी येते. पाटी मी वाचेन."