उस्तादची मोटार

निजामाच्या अमदानीत मी नांदेडला डॉक्टर होतो. उमरीकडे पटकीची साथ पसरली आणि नेमका माझ्या जुन्या मोटारीचा मागचा एक्सल मोडला. नवा हैदराबादहून यायला महिना लागणार होता. मोटार दुरुस्त करणारा मिस्त्री आपल्या कारखान्यामागच्या छपराखाली गेला. तिथे त्याला हे काम शिकवलेल्या, आता मेलेल्या उस्तादची मोटार होती. तो ती रोज पुसायचा, कुणाला हात लावू देत नसे.

"ती नको," मी म्हणालो.

"डाक्टरसाब, उस्ताद पटकीनंच गेले. तवा मोटार व्हती, डाक्टर न्हवता."

तिच्या काढलेल्या एक्सलची भोकं माझ्या गाडीशी जुळेनात, म्हणून त्याने त्याला नवी भोकं पाडली. दुपारी मी उमरीला निघालो, तेव्हा तो उस्तादच्या मोटारीखाली विटा रचत होता. ती सरळ उभी राहावी म्हणून.